चालू मशीनला हात लावायचा नाही

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे अर्ज शाखेनुसार वेगळे करत होते. सकाळची वेळ होती, खिडकीपुढे विद्यार्थी जमायचे होते. "सुनंदाबाई..." एवढंच वहिनी म्हणाली आणि पुढे फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी विचारलं, डॉक्टर येऊन गेले का, तुझ्याजवळ कोण आहे, लेकीला, पल्लवीला, पुण्याला कळवलं का. टी.सी. आणली का, फोटो आणले का, हे मी रोज खिडकीत ज्या आवाजात विचारते, त्याच आवाजात. फोन ठेवला, एक कोरा कागद ओढला आणि यादी केली. कोणाला कळवायचं, चिखल्याहून येणाऱ्यांची गाडी, विहारात निरोप, मंडप, बर्फ, वहिनीच्या बीपीच्या गोळ्या. मग भंडारा ते साकोली पूर्ण रस्ता मी फोनवर बोलत गेले. यादीतलं एकही काम राहिलं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले नातेवाईक म्हणाले, बाईनं सगळं किती नीट सांभाळलं. मी मान हलवली. सिद्धार्थदादाला जाऊन आता काही आठवडे झालेत. त्याच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे...

साकोलीत ज्यांनी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला, त्यांना तो 'सिद्धार्थ सर' म्हणून आठवेल. माझा तो थोरला भाऊ. आमचे बाबा चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला होते. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये दादाची एक खिडकी होती आणि त्या खिडकीत नेहमी काहीतरी उघडून ठेवलेलं असे. कोणाचा रेडिओ, कोणाची इस्त्री. बाबा पाळीवरून येत, हातपाय धुताना एकदा तिकडे बघत आणि म्हणत, "खोलणं सोपं असते बापू, लावणं पाह्य." मी स्क्रू मोजून डबीत भरून ठेवायची. मला वाटतं आमच्या दोघांचेही स्वभाव तिथेच ठरले. तो उघडणारा, मी मोजणारी. पुढे तो आयटीआय करून साकोलीला आला, कॉम्प्युटरचा क्लास काढला. क्लास चांगला चालला. मग घरोघरी कॉम्प्युटर आले, मग फोनच कॉम्प्युटर झाले, आणि क्लासची मुलं आटली. दादाच्या वयाच्या बाकीच्यांनी झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म असे धंदे धरले. दादानं मात्र त्याच सुमाराला कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेली जुनी मशीनं मेटॅडोरभर उचलून आणली.

त्या दिवशी मी तिथे होते. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "घरात पाय ठेवाले जागा नाही, आन् हे म्हणते आणखी एक गाडी येऊन राहिली!"

"अवो, मेलेले नाहीत ते. झोपले आहेत," दादा म्हणाला.

"मंग म्हणा त्याहिले, उठा आन् पानी भरा."

मशीनं उठली. सगळी नाही, पण बरीच. मी अनेक रविवार भंडाऱ्याहून साकोलीला जात असे, आणि दादाच्या दुकानात एका स्टुलावर बसून माझ्या आठवड्याच्या याद्या करत असे. समोर त्याचं काम चालू. आधी तो मशीनच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवायचा, अंगातली वीज उतरली पाहिजे म्हणून. देवळात शिरताना लोक उंबऱ्याला हात लावतात तसं ते दिसे, पण दादाला असलं काही सांगितलं की तो हसायचा. मग मेमरीच्या पट्ट्यांच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबरानं घासायच्या, फुंकर न मारता ब्रशनं झाडायच्या. पट्टी खाचेत तिरपी धरायची आणि उभी करत न्यायची, दोन्ही बाजूंचे खटके 'टक्' करून बसेपर्यंत. त्या मशीनना मेमरी जोडीनं लागे. दोन्ही पट्ट्या एकसारख्या हव्यात, एकटी पट्टी लावली तर पडद्यावर काही येतच नसे. हार्डडिस्कचं आणखी वेगळं. जुन्या छोट्या डिस्क मिळेनाशा झाल्या होत्या, आणि त्यातल्या त्यात नवी मोठी डिस्क लावली की जुनं मशीन तिला पाहूनच बावचळायचं. डिस्कच्या मागे बारीक काटे असतात आणि त्यांवर तांदळाएवढी प्लॅस्टिकची टोपी. दादा चिमट्यानं ती टोपी एका काट्यावरून दुसऱ्यावर सरकवायचा, की ती डिस्क आपला आकार खरा होता त्याहून लहान सांगू लागे आणि मशीन निमूटपणे चालू होई. "एवढी जागा वाया गेली ना पन," मी म्हणाले होते. मला वाया गेलेलं काही बघवत नाही. दादा म्हणाला, "लेकराइच्या पंगतीत बसाचं असन तं मोठ्या मानसाले मांडी घालूनच बसा लागते, नंदे. त्याची उंची थोडीच वाया जाते?"

ही मशीनं कोणाला हवी असत, असा प्रश्न मलाही पडे. पण लोक येत. महामार्गावरच्या एका वजनकाट्याचं सगळं गणित अशाच एका मशीनवर होतं. पवनीचे प्रेसवाले गोविंदभाऊ लग्नपत्रिका आणि मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकांची पत्रकं ज्या मराठी अक्षरांत छापत, ती अक्षरं फक्त त्यांच्या जुन्या मशीनवर चालत. नव्या मशीनवर ती उघडतच नसत. एकदा ऐन लग्नसराईत गोविंदभाऊ ते मशीन मोटारसायकलवर पोटाशी बांधून आले. मेमरी गेली होती. दादानं सगळे डबे धुंडाळले, तशी जोडी मिळेना. आणि त्याच टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, क्लासचं एक मशीन चालू होतं. तसंच, त्याच जातीचं. त्यावर तेव्हा कोणी शिकतही नव्हतं.

"याच्यातली काढून दे ना," मी म्हणाले.

"ते चालू आहे."

"कोन वापरते त्याले?"

"कोनी वापरो का नोको वापरो. चालू आहे." मग गोविंदभाऊंकडे वळून, "भाऊ, उद्या नागपूरले जातो. भंगारात भेटतेच. एक दिवस थांबा."

गोविंदभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा काही. पोरीवाले माह्या जीवावर उठले. नवरदेवाचं नाव छापलं, नवरीचं राहिलं!"

"मंग अर्धी पत्रिका वाटा," दादा म्हणाला. "नवरी दिसल्यावर लोक ओळखतीन."

तो खरंच दुसऱ्या दिवशी नागपूरला गेला आणि भंगारातून जोडी घेऊन आला. मी नंतर विचारलं तेव्हा त्यानं कारण सांगितलं. अगदी सुरुवातीला एका शाळेचं बंद मशीन त्यानं तातडीनं चालू करायला घेतलं होतं आणि क्लासच्या चालू मशीनमधली मेमरी काढायला गेला. काढताना खटका तुटला. जी पट्टी निघाली ती शाळेच्या मशीनमध्ये चाललीच नाही, आणि खटका तुटल्यामुळे क्लासच्या मशीनमध्येही परत बसेना. "एक बंद होतं. दोन झाले," तो म्हणाला. तेव्हापासून त्याचा नियम होता: बंद पडलेल्यातून काहीही काढा, पण चालू मशीनला हात लावायचा नाही. मला तो नियम दुकानापुरता वाटला. दुकानातले नियम दुकानातच राहतात, असं मी धरून चालले होते.

दादाचे पाय सुजायला लागले तेव्हा तो म्हणाला, खुर्चीवर बसून बसून झालं असेल. मी त्याला भंडाऱ्याला तपासायला नेलं, आणि डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आधी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस. मी एक फाईल केली: रिपोर्ट, पथ्य, तारखा, औषधं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी. डायलिसिसच्या दिवशी दादा सकाळच्या बसनं यायचा, दुपारी माझ्याकडे झोपायचा, संध्याकाळी परत. तिथल्या सिस्टरना त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "सिस्टर, तुमच्या या मशीनचा पंखा घासून राहिला. कोनाले तरी दाखवा." खरंच घासत होता. पलंगावर पडून, दंडात सुया घेऊन, तो पंख्याचा आवाज ऐकत पडलेला असायचा. आणि मी शेजारी बसून पुढच्या फेरीची यादी करत असायची.

यावर खरा इलाज एकच, असं डॉक्टर म्हणाले. दुसरी किडनी. वहिनीला बीपी आणि साखर दोन्ही. पल्लवीचं बाळ अंगावर पिणारं, आणि तिचं नाव काढलेलंही दादाला खपलं नसतं. उरले मी. मला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. घरी ह्यांनी एवढंच विचारलं, "रजा किती लागेल?" माझी तपासणी झाली. रक्तगट जुळला, पुढचं सगळं जुळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी "बहीणभावात असं इतकं छान जुळणं नेहमी होत नाही" म्हटलं, तेव्हा मला बोर्डात आल्यासारखं झालं. मी आनंदात बऱ्याच जणांना सांगूनही टाकलं. एकाच माणसाला मी विचारलं नव्हतं. त्याला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नळ गळत असेल तर नळाला कोणी विचारतं का?

नागपूरला शेवटची भेट होती. डॉक्टर तरुण, शांत बोलणारे. आधी मला एकटीला विचारलं, माझ्यावर कोणाचा दबाव नाही ना. मग दोघांना समोर बसवलं. "काका, ताई तयार आहेत. तुमची संमती घ्यायची आहे."

"नाही," दादा म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं तो घाबरलाय. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, माणूस एका किडनीवर नीट जगतो, ताईंना काही त्रास होणार नाही.

"तुम्ही बरोबर सांगून राहिले, डॉक्टरसाहेब," दादा म्हणाला. "मी बी पार्ट बदलाचंच काम करतो. बसवतानी काही होत नाही. काढतानी खटका तुटते."

"कसला खटका?"

"कोनताही. मले दुसऱ्या कोनाची द्या. जो गेला त्याची. ते चालते. हिची नाही."

डॉक्टरांनी पेन बंद केलं. मी फाईल उघडली, मग मिटली. तिच्यात पुढे काय लावायचं हे मला सुचेना.

परतीच्या बसमधून मी भंडाऱ्याला उतरले नाही, त्याला साकोलीला सोडायला पुढे निघाले, लाखनी आली. मग म्हणाले, "मी मशीन नाही, दादा."

"मंग तं अजिबातच नाही."

"तू मरशील."

"ते तं तू बी मरशील. मी नाही म्हणतो का तुले?"

"हे काय बोलणं झालं!"

"हळू बोल वो," तो म्हणाला, "पुढच्या सीटवरची बाई उठून बसली." आणि खिडकीतून बघत राहिला. भाताच्या बांध्यांत पाणी साचलेलं होतं, बाया वाकून रोवत होत्या... मला त्याच्या त्या बघण्याचा फार राग आला.

पुढचे कितीतरी महिने मी जे जे करता येईल ते केलं. वहिनीकडून सांगितलं, पल्लवीला फोनवर रडायला लावलं, विहारातल्या ज्येष्ठांना घरी नेलं. भंडाऱ्यात एका बहिणीनं भावाला किडनी दिलेली, दोघं ठणठणीत. त्यांना गाडी करून साकोलीला घेऊन गेले. दादानं त्यांचं चांगलं स्वागत केलं, चहा पाजला, आणि तासभर त्यांच्या घरच्या प्रिंटरची चौकशी केली. जाताना ते गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, माणूस लई चांगला आहे. पन आयकनारा नाही." नागपूरच्या प्रतीक्षायादीत मी दादाचं नाव लावलं. त्याला त्यानं हरकत घेतली नाही. आयुष्यभर मी याद्या केल्या. एकेक ओळ खोडत गेलं की यादी संपते, हे मला माहीत होतं. ही यादी माझ्या हातातली नव्हती. मी फोन करायची, तिकडची मुलगी नम्रपणे सांगायची, अजून नाही मॅडम. आणि यादी पुढे सरकायची म्हणजे काय, तर कुठेतरी कोणीतरी जायचं. असं मागावं तरी कसं? पण मी मागत होते, हे खरं.

शेवटच्या उन्हाळ्यात गोविंदभाऊंचं मशीन पुन्हा दुकानात आलं. या वेळी तशी जोडी डब्यात होती. दादाच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी नस जोडलेली, त्या हातानं जोर लावायचा नाही. उजव्या हातात ताकद उरली नव्हती. त्यानं दोनदा पट्टी तिरपी धरली आणि उभी करायला गेला, दोन्ही वेळा ती सुटली. मी स्टुलावर होते. त्यानं माझ्याकडे न बघता पट्टी पुढे केली.

"मले नाही येत," मी म्हणाले.

"तुले सगळं येते. पत्र्याले बोट लाव आधी."

मी लावलं. पट्टी खाचेत धरली. "आता दाब. अजून. घाबरून काहून राहिली? तुटत नाही."

"आन् तुटलं तं?"

"मंग गोविंदभाऊले आपन दोघंबी तोंड दाखवाचं नाही."

मी दाबलं. एका बाजूचा खटका बसला, दुसरा बसेना, अंगठ्याला वळ उठला, आणि मग 'टक्' झालं. दुसरी पट्टी मी न सांगता लावली. मशीन चालू झालं. दादा टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवून हसला, आणि त्या हसण्यात मला वाटलं, आत्ता. आत्ताच विचारावं.

"पाह्यलंस ना? नाही तुटलं. दादा, माही घे ना वो. एवढंच तं आहे."

दादानं टेबलावरचे स्क्रू गोळा करून माझ्यापुढे सरकवले. मशीनचा पंखा चालू होता. मग म्हणाला, "नंदे, मी चिखल्यात सगळं खोलून ठेवत होतो तवा एकही स्क्रू कधी हरवला नाही. तू होती म्हणून. तुले काही झालं तं माह्याकडे मोजाले कोन आहे?" आणि वहिनीला आतल्या दाराकडे हाक मारली, चहा टाक म्हणून. त्याला चहा मोजूनच मिळायचा, अर्धा कप. त्यानं तो नेहमीप्रमाणे बशीत ओतून प्यायला. त्यानंतर मी त्याला पुन्हा विचारलं नाही. मला आणखी कोणता मार्ग असतो हे माहीत नव्हतं. अजूनही नाही.

पावसाळा लागल्यावर एका सकाळी, डायलिसिसला निघायच्या दिवशी, तो उठलाच नाही. वहिनीनं बसच्या वेळेला हाक मारली. डबा भरून तयार होता.

परवा वहिनी आणि मी दुकान उघडलं. पल्लवी म्हणते, सगळं विकून टाका, आईनं पुण्याला यावं. वहिनी म्हणते, राहू दे थोडे दिवस. मी काहीच म्हणत नाही, याचं माझ्या घरच्यांना नवल वाटतं. टेबलावरच्या मशीनवर वहिनीनं जुनी साडी टाकली आहे, धूळ बसू नये म्हणून. गोविंदभाऊ येऊन गेले. टेबलाजवळ उभे राहिले, "आता आमचं कोन पाहीन" म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. मी त्यांना म्हणाले, मेमरी लावायची असेल तर मला फोन करा. त्याच्यापुढचं मला येत नाही.

माझं बाकी सगळं पूर्वीसारखं आहे. ऑफिस, प्रवेश, याद्या. तपासण्या सुरू होत्या तेव्हा डॉक्टरांनी मला काही पथ्यं सांगितली होती: सकाळी चालायचं, मीठ कमी, पाणी भरपूर, आणि दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्या किडनीला वाईट. दादानं नाही म्हटल्यावरही मी ती सोडली नाहीत. त्याचं मन कधी बदलेल सांगता येत नव्हतं, आणि ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी मी तयार असायला हवी होते. आता तो नाही, तरी ती पाळतेच. कॉलेजचे जिने चढताना माझा गुडघा फार दुखतो. गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या रेखाताईंनी पर्समधून गोळी काढून समोर धरली. "घ्या ना मॅडम एक. कायले सहन करून राहिल्या?"

"नको. किडनीला चांगली नसते."

त्यांनी दचकून विचारलं, "काय झालं तुमच्या किडनीले?"

"काही नाही," मी म्हणाले. "दोन्ही चांगल्या आहेत."